घर, जागा आणि दिवाळे

नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दक्षिण टोकाकडे, पनवेलच्या खाडीकाठी, बेलापूरच्या सीबीडीला खेटून दिवाळे नावाचा जुना कोळीवाडा आहे. देणी फेडता न आल्यामुळे व्यवहार बुडणे यालाही मराठीत दिवाळे निघणे असेच म्हणतात; आणि या गावाच्या चहूबाजूंना घरांचे जे भाव सध्या बोलले जातात ते ऐकले, तर गावाच्या नावाला निव्वळ योगायोग मानावे की भाषेची दूरदृष्टी मानावी, हा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखापुरते एवढेच नमूद करणे पुरेसे आहे की दिवाळ्यात राहणाऱ्यांचे दिवाळे निघालेले नाही. ते निघते दिवाळ्याच्या आसपास राहू इच्छिणाऱ्यांचे.

सीबीडी या तीन अक्षरांचा अर्थ शहराचे मध्यवर्ती व्यवसाय केंद्र असा होतो. परंतु ती इतकी रुळली आहेत की त्यांचा अर्थ विचारणारा मनुष्य हमखास परगावचा समजला जातो आणि रिक्षावाला त्याला लांबच्या रस्त्याने नेतो. या केंद्रात दिवाळ्यापासून फार लांब नाहीत अशा अंतरावर चार कार्यालये आहेत. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेले शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, ही घरे आणि भूखंड विकते. महापालिकेचे मुख्यालय त्या घरांवर कर बसवते. कोकण भवनातील विभागीय आयुक्तांचे कार्यालय मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जिल्ह्यांचा कारभार पाहते. आणि बेलापूर भवनातून कोकण रेल्वे चालते. एक संस्था घरे निर्माण करते, दुसरी त्यांची आकारणी करते, तिसरी ओस पडलेल्या घरांच्या जिल्ह्यांकडे लक्ष ठेवते आणि चौथी ती घरे कुलूपबंद करून निघालेल्या माणसांना गाडीत बसवून आणते. घरांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात सापडणे अवघड आहे.

या परिसरातील कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यापासून बडीशेप संपेपर्यंत ज्या विषयाचा ऊहापोह चालतो तो साधारणपणे असा असतो: दक्षिणेकडे, म्हणजे सावंतवाडी, कुडाळ, राजापूर अशा एखाद्या छोट्या गावात थोडक्या पैशांत ऐसपैस घर घ्यावे आणि सुखाने राहावे, की इथेच दोन खोल्यांच्या सदनिकेसाठी वीस वर्षांचे कर्ज काढावे. चर्चेचा शेवट नेहमी पहिल्या पर्यायाच्या बाजूने होतो, आणि चर्चा संपल्यावर सर्व सदस्य दुसऱ्या पर्यायाचा हप्ता भरण्यासाठी आपापल्या टेबलाकडे परततात.

या विषयावरील शास्त्र जुने आहे. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली असे मांडले की बाजारपेठेपासून जमीन जसजशी दूर जाते तसतसे तिचे मोल उतरत जाते, कारण माल बाजारात नेण्याचा खर्च चढत जातो. आणि १९६४ साली विल्यम अलोन्सो या अमेरिकी अभ्यासकाने हाच विचार शहरातील घरांना लावला. थ्यूनेनच्या सिद्धांतात वाहून नेण्याचा माल म्हणजे धान्य, दूध आणि लाकूड होते. नवी मुंबईत तो माल म्हणजे खुद्द घरमालक असतो, आणि त्याला दररोज बाजारात नेऊन संध्याकाळी न विकलेल्या स्थितीत परत आणावे लागते. चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असेही प्रतिपादन केले की कोणत्याही काळातील मनुष्य प्रवासासाठी दिवसाकाठी सरासरी एक तास खर्च करतो. हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे बदलापूरची लोकल होती, असे मात्र त्यांच्या मांडणीवरून वाटत नाही. स्थानिक परंपरेत अंतराचे माप वेगळेच असून ते जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे नोंदवले जाते. येथे स्टेशन कोणते, मिनिटे कोणाची आणि रस्ता तयार होण्यापूर्वीची की नंतरची, याचा खुलासा घराचा ताबा मिळाल्यावर होतो.

सिद्धांत बाजूला ठेवून शिरगणतीकडे वळले असता एक विलक्षण गोष्ट दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राच्या तत्कालीन ३५ जिल्ह्यांपैकी केवळ तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर, रत्नागिरीची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. म्हणजे राज्यातील सर्वांत महाग घरांचा जिल्हा आणि स्वस्त घरांसाठी डब्याच्या वेळी ज्यांचे नाव निघते ते दोन जिल्हे, या तिघांतूनही माणसे निघून गेली. पहिल्यातून घर परवडेना म्हणून आणि उरलेल्या दोहोंतून घरात बसून परवडेना म्हणून. तिन्ही जिल्हे एकाच कोकण विभागात मोडत असल्याने महाग घर आणि बिनकामाचे घर यांची अखेर सारखीच होते, हा निष्कर्ष एकाच इमारतीच्या, म्हणजे कोकण भवनाच्या, आवारातून काढता येतो. ही माणसे गेली कुठे, याचे उत्तरही त्याच शिरगणतीत आहे: त्याच दशकात, नवी मुंबई ज्यात येते त्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. यात देशभरातून आलेली माणसेही होती हे खरे, पण घरभरणीच्या पूजेला येणारे नातेवाईक पाहिले तर मुंबई आणि कोकण यांचा वाटा लपत नाही.

यातील कोकणी वाटसरूला मराठीत चाकरमानी म्हणतात, म्हणजे चाकरीसाठी मुंबईत राहणारा आणि मनाने गावात राहणारा मनुष्य. त्याच्या कुटुंबाचा प्रवास नकाशावर मांडला तर एक गमतीची रेषा तयार होते. पणजोबा राजापूरहून येऊन परळच्या गिरणीत लागले आणि चाळीच्या खोलीत सहा गाववाल्यांबरोबर राहिले. १९८२च्या गिरणी संपानंतर आजोबांच्या पिढीने डोंबिवली गाठली. वडिलांनी पुढे पनवेलजवळ कामोठ्यात घर घेतले. आणि मुलगा आता पेणकडील इमारतींची माहितीपत्रके वाचत आहे, कारण त्या भागाला तिसरी मुंबई म्हणण्याची पद्धत पडू लागली आहे. पेणनंतर रोहा लागते आणि रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. दर पिढीला काही स्थानके या गतीने स्वस्त घराचा शोध घेत घेत हे कुटुंब कधीतरी राजापूरला पोहोचणार, हे उघड आहे. फक्त तोपर्यंत तेथील वडिलोपार्जित घराचे छप्पर टिकले पाहिजे.

या विषयाचे मर्म मराठी भाषेने दोन शब्दांत पकडले आहे. गावी असते ते ‘घर’ आणि मुंबईत असते ती ‘जागा’. मुंबईकर मनुष्य ‘माझे घर चारशे फुटांचे आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘आमची जागा लहान आहे’ असे म्हणतो, आणि त्यात प्रांजळपणा असतो, कारण त्याने विकत घेतलेला असतो तो केवळ अवकाश, ज्यात भिंतीला कपाट लावले की माणसाला उभे राहण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अवकाशाचे मोजमाप चटई क्षेत्रात करतात. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. पूर्वी जिना, गच्ची आणि वॉचमनची खुर्ची यांचा हिस्सा धरून घर मोठे करून विकण्याची कला प्रचलित होती, ती २०१७ पासून लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्याने आवरली. तेव्हापासून घर पूर्वीइतकेच लहान राहिले, पण ते लहान असल्याचे कागदावर लिहून मिळू लागले. ‘जागा’ या शब्दाचा दुसरा अर्थ गाडीतील आसन असा आहे. बेलापूर-पनवेल पट्ट्यातील नोकरदाराचे आयुष्य या दोन जागांच्या मागे जाते: एक जागा वीस वर्षांच्या हप्त्यांवर मिळते आणि दुसरी तिघांच्या बाकावर चौथे बसून, अर्धे अंग हवेत ठेवून मिळते. दोन्ही ठिकाणी ‘थोडे सरकून घ्या’ हेच वाक्य उपयोगी पडते.

आता दक्षिणेकडील स्वस्त घराचे सविस्तर परीक्षण करणे आवश्यक आहे, कारण त्याची किंमत जितकी लोकांच्या तोंडी असते तितके त्याचे तपशील नसतात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे विहीर, फणस, चार माड आणि सारवलेले खळे, असे हे घर असते, आणि त्याचे छायाचित्र मोबाइलवर पाहिलेल्या माणसाला दुपारच्या बैठकीत झोप लागत नाही. पण हे घर विकत घेण्याआधी सातबारा पाहावा लागतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमीन कोणाची आहे हे लिहिलेले असते, आणि गाव नमुना बारा, ज्यात तिच्यात काय पिकते हे लिहिलेले असते. कोकणात नमुना बारा बहुधा थोडक्यात आटोपतो. नमुना सात मात्र वाचायला बसले की एका कादंबरीइतकी पात्रे भेटतात. त्यांतील काही पात्रे मुंबईत असतात, काही बडोद्याला, काहींचा पत्ता नसतो, आणि काही दोन पिढ्यांपूर्वी वारली असली तरी वारस-नोंद न झाल्याने कागदोपत्री त्यांची प्रकृती उत्तम असते. विक्रीला या सर्वांची संमती लागते. भाऊबंदकी नावाची जी संस्था कोकणात नांदते ती एरवी गणपतीच्या आरतीला एकत्र येते, पण सहीसाठी एकत्र येत नाही.

शिवाय शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार स्वतः शेतकरी असला पाहिजे, अशी कूळकायद्यातील तरतूद आहे. कूळकायदा हा मुळात कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून १९४८ साली झालेला कायदा होय; त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की बेलापूरच्या वातानुकूलित कचेरीत तीस वर्षे संगणक चालवलेला मनुष्य निवृत्तीच्या तोंडावर आजोबांच्या तीन गुंठ्यांतील आपला चौतिसावा हिस्सा शोधून काढतो आणि आपण हाडाचे शेतकरी असल्याचा दाखला मिळवतो. त्या तीन गुंठ्यांत नक्की काय पिकते, असे त्याला विचारू नये. दावे, हे त्याचे प्रामाणिक उत्तर असेल.

समजा, हे सारे पार पडले आणि घर ताब्यात आले, तरी रोजगाराचा प्रश्न उरतो. छोट्या गावातील नोकऱ्यांची यादी मोठी नाही: शाळा, बँक, एसटी, पतपेढी, पंचायत समिती, दोन-चार दवाखाने आणि बाजारातील दुकाने. या जागा रिकाम्या होण्याची वाट पाहणारे तरुण आधीच रांगेत असतात, आणि बाकी हंगामी उत्पन्न आंबा-काजूच्या मोहोरावर अवलंबून असते, जो मोहोर एका अवकाळी पावसाने गळून पडतो. घरून काम करण्याची प्रथा २०२० नंतर रूढ झाल्यावर हा प्रश्न सुटल्याचे काही काळ वाटले होते. पण त्यासाठी मोबाइलची रेंज लागते आणि अनेक वाड्यांत ती घरात येत नसून सड्यावर येते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे उघडे पठार. तेथे उभे राहून कंपनीची बैठक करणाऱ्याला वारा, गुरे आणि वाटेवरून जाणारा प्रत्येक ओळखीचा मनुष्य यांना तोंड द्यावे लागते, आणि ‘काय रे, कामधंदो सोडलंस काय?’ हा प्रश्न साहेबालाही ऐकू जातो.

त्याहून मोठी अडचण लग्नाची आहे. घरात बसून गावी कमावणाऱ्या मुलापेक्षा मुंबईला कमी कमावणारा मुलगा सोयरिकीच्या बाजारात वरचढ ठरतो. मुलीकडील मंडळींचा पहिला प्रश्न ‘मुलगा काय करतो’ हा नसून ‘मुंबईला जागा आहे का’ हा असतो, आणि तिथे जागा असली की दुसरा प्रश्न ‘गावाला घर आहे ना’ असा येतो. म्हणजे राहण्यासाठी जागा आणि सांगण्यासाठी घर, अशी दुहेरी पात्रता या बाजारात लागते. या सर्वाचा हिशेब शिरगणतीने एका आकड्यात मांडून ठेवला आहे: २०११ साली राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. हा आकडा वाचून आनंद मानण्याचे कारण नाही. तेथे स्त्रिया वाढल्या नव्हत्या, पुरुष गाडीत बसले होते.

ही गाडी १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेची. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर, डोंगर पोखरून आणि दऱ्यांवर पूल टाकून घातलेला हा मार्ग झाला तेव्हा कोकणात माणसे येतील अशी अपेक्षा होती, आणि ती आलीही. मात्र गणपतीच्या आदल्या दिवशी येऊन गौरीविसर्जनानंतर परत गेली. या वार्षिक स्थलांतरासाठी आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत संपते. ज्यांना ते मिळत नाही ते मुंबई-गोवा महामार्गाने जातात, ज्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या वर्षी जन्मलेली मुले आता त्याच खड्ड्यांतून जाताना खिडकीशी कोणी बसायचे यावरून भांडतात. स्वस्त घर हे असे वर्षातून दहा दिवस वापरले जाते, आणि उरलेले तीनशे पंचावन्न दिवस त्याचा विचार केला जातो.

दक्षिण जमली नाही तर जवळच स्वस्त काही पाहावे, असा दुसरा मार्ग उरतो. सिडकोने २०२४च्या दसऱ्याला सव्वीस हजार घरांची योजना काढली आणि पुढच्या जानेवारीत तिच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा तळोज्यातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे घर सुमारे २५ लाखांना आणि वाशीतील अल्प उत्पन्न गटाचे घर सुमारे ७४ लाखांना होते. वर्षाला सहा लाखांपर्यंत कमावणारे कुटुंब येथे दुर्बल ठरते आणि त्याहून अधिक कमावणारे अल्प उत्पन्नाचे. पण वाशीच्या किमतीपुढे उभे राहिल्यावर दोघांनाही दुर्बलता सारखीच जाणवते. तळोजे आणि वाशी यांच्या किमतींतील हे जवळजवळ पन्नास लाखांचे अंतर नेमके कशाचे, याचा छडा गणिताने लावता येतो.

पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये पडतो. स्वस्त घर घेणारा हा हप्ता वाचवतो आणि त्याबदल्यात रोज, समजा, दोन तास अधिक प्रवास करतो. महिन्याला पंचवीस दिवस धरल्यास पन्नास तास होतात. म्हणजे प्रवासाच्या प्रत्येक तासाला त्याची ८६८ रुपयांची बचत होते. हाच मनुष्य वर्षाला सहा लाख कमावत असेल तर कचेरीतील त्याच्या एका तासाचे मोल अडीचशे रुपये आहे. यावरून शास्त्रीय निष्कर्ष असा निघतो की मनुष्य कचेरीत बसून जेवढे मिळवतो त्याच्या तिपटीहून अधिक तो गाडीच्या दारात लटकून मिळवतो. आणि तसे असेल तर त्याने नोकरी सोडून दिवसभर गाडीतच राहावे हे अधिक फायद्याचे. या निष्कर्षातील दोष काढून दाखवणाऱ्याला एवढीच गोष्ट सांगावी लागेल की वाचलेले पैसे त्याच्यापाशी मुळात कधी नव्हतेच. पण मग स्वस्त घर घेऊन पैसे वाचवल्याचा जो आनंद घरोघरी पेढे वाटून साजरा होतो, त्याचाही पाया तोच ठरतो. गेलेले तास मात्र खरोखरच त्याच्यापाशी होते.

हा तिढा सुटावा म्हणूनच नवी मुंबईची कल्पना निघाली होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून असे सुचवले की मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबत नेण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे आणि तेथे घरांबरोबर रोजगारही न्यावा. सिडकोने त्यासाठी नोड ही कल्पना स्वीकारली. नोड म्हणजे घर, शाळा, बाजार आणि काम ज्यात जवळजवळ असेल असा स्वयंपूर्ण नगरघटक. राज्याची राजधानीच येथे हलवावी, म्हणजे तिच्यामागून सारे येईल, असाही विचार होता. मंत्रालय नरिमन पॉइंटहून हलले नाही. त्याच्याऐवजी कांदा-बटाटा आला, म्हणजे घाऊक बाजार आला, आणि त्याने मंत्रालयापेक्षा वक्तशीर कारभार केला. पुढे १९९२ साली वाशीच्या पुलावरून लोकल आली आणि पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोहोचली. त्यामुळे स्वयंपूर्ण होऊ पाहणाऱ्या शहराला रोज सकाळी बाहेर पडण्याची उत्तम सोय झाली, आणि घरांचे भाव नोडच्या गुणांपेक्षा स्टेशनच्या अंतराने ठरू लागले. कोरियांनी बेलापुरात, साध्या उत्पन्नाच्या कुटुंबाला पैसे येतील तसे वाढवता येईल, अशा बैठ्या घरांची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली होती. घरे ठरल्याप्रमाणे वाढली, पण त्यांच्या किमती मूळ कुटुंबांच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या.

राहिला प्रश्न जीवनमानाचा. या शब्दाचा राहणीमान या शब्दाशी वारंवार घोटाळा होतो, म्हणून भेद स्पष्ट केला पाहिजे: राहणीमान म्हणजे शेजाऱ्याला जे दिसते ते, आणि जीवनमान म्हणजे घरमालकाला जे जाणवते ते. केंद्र सरकारच्या २०२०च्या ‘जगण्याची सुलभता’ निर्देशांकात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत नवी मुंबई सहावी आली आणि बृहन्मुंबई दहावी. निर्देशांकात पाणी, रस्ते, आरोग्य, सुरक्षितता असे पुष्कळ घटक मोजले जातात, परंतु रविवारी दुपारी किती वाजेपर्यंत झोपता येते, म्हातारी आई गावाहून आली तर तिला दारात खुर्ची टाकून बसता येते का, आणि आजारी पडल्यास डॉक्टर आधी पोहोचतो की शेजारी, हे मोजण्याचे एकक अजून ठरलेले नाही. ते ठरले तर छोटे गाव शेजाऱ्यावर पैजेने जिंकेल आणि डॉक्टरवर अनामत गमावेल. शहरात याच्या बरोबर उलट होते. तिथे रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर असते, आणि समोरच्या दारावरील पाटी वाचल्याखेरीज शेजाऱ्याचे आडनाव कळत नाही.

या साऱ्या पार्श्वभूमीवर दिवाळ्याकडे पुन्हा पाहिले की थ्यूनेन आणि अलोन्सो दोघेही अडचणीत येतात. येथे घरापासून कामापर्यंतचे अंतर म्हणजे उंबरठ्यापासून होडीपर्यंतचे अंतर. कामाची वेळ भरती-ओहोटी ठरवते, जिला हजेरीपट लागत नाही. वार्षिक रजा १ जून ते ३१ जुलै अशी शासनाच्या मासेमारीबंदीने ठरलेली आहे. आणि बाजार गावातच असल्याने माल विकण्यासाठी दूर जावे लागत नाही, उलट सीबीडीतील साहेबच पिशवी घेऊन म्हावऱ्याला येतात. म्हावरा म्हणजे मासळी. ती विकणाऱ्या कोळिणीशी घासाघीस करताना या साहेबांना बिल्डरशी घासाघीस करण्याचे धैर्य का होत नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की बिल्डर निदान पाणी तरी पाजतो.

ही स्थिती अर्थातच निर्दोष नाही, आणि तिचे सोनेरी चित्र काढणे अशास्त्रीय ठरेल. शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठी १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण द्यावे लागले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मूळ गावठाणाची हद्द मात्र कुटुंबांबरोबर वाढली नाही, म्हणून नव्या मुंबईच्या गावांत घरे परवानगीविना उभी राहिली. त्यांना शासकीय भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग विचार करायला लावणारा आहे, कारण तो केवळ गावकऱ्यांच्या घरांसाठी राखून ठेवल्यामुळे शहरातील उरलेली घरे गरजेपोटी बांधलेली नाहीत, अशी कबुली आपोआप दिली जाते. खाडीतील भराव आणि सांडपाणी यांमुळे मासळी दूर गेल्याची कोळ्यांची तक्रारही जुनी आहे, आणि गावातील पुढची पिढी होडीऐवजी कचेरीकडे, आता नव्या विमानतळाकडेही, पाहू लागली आहे. काम घरापासून दूर सरकले की घराचा हिशेब कोळ्यालाही चुकणार नाही.

दिवाळ्याच्या कोळ्यांचा देव बहिरीदेव. तो समुद्रात राहतो, अशी श्रद्धा आहे आणि दिवाळीत त्याला वाजतगाजत गावात आणण्याची प्रथा आहे. मुक्काम संपला की तो पुन्हा समुद्रात जातो. कामाच्या ठिकाणी वर्षभर राहून सणापुरते घरी येणारा हा देव चाकरमान्यांना आपला वाटायला हरकत नाही. फरक इतकाच की त्याला आरक्षण मिळते.

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा की स्वस्त घर नावाची वस्तू अस्तित्वात नाही. प्रत्येक घराची किंमत पुरेपूर वसूल होते, फक्त ती निरनिराळ्या नाण्यांत घेतली जाते. मुंबई पैशांत घेते, तळोजे तासांत घेते, आणि कोकणातले गाव माणसांत घेते. म्हणून घर पाहायला गेलेल्याने नमुना सदनिकेतील गुळगुळीत फरशीवर हात फिरवण्याआधी आणि कौलारू घराच्या विहिरीत वाकून पाहण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: या घरातून कामाला किती वाजता निघावे लागेल, आणि परत आल्यावर घरात जागे कोण असेल? दिवाळ्याच्या कोळ्याला हा प्रश्न विचारला तर तो आकाशातला चंद्र पाहून उत्तर देतो, आणि त्याच्या उत्तरावर व्याज लागत नाही.